हुपरीतलं तांबं

मार्च आला की माझ्या वहीला ताप चढतो.
"टार्गेट म्हणायचं नाही हं, आशाताई,
अपेक्षित काम म्हणायचं."
मीटिंगमध्ये मॅडमनी शब्द बदलला,
आकडा तोच ठेवला.

पाचवी गल्ली.
उंबऱ्याआड शेगडी, डबीत डाग,
चांदीच्या कड्या जोडत बसलेल्या बाया.
एका पैंजणाला किती कड्या, तोंडपाठ.
पाळी कधी चुकली
ते मात्र कॅलेंडरच्या दुधाच्या हिशेबात शोधावं लागतं.

दारात चप्पल काढून मी आत जातो.
आमच्याकडं बायाही म्हणतात, मी येतो, मी जातो.
बोलण्यापुरते आम्ही बाप्ये.
टेबलावर आडवं व्हायची वेळ आली
की पुन्हा बाया.

पिशवीतनं एकेक काढून मांडतो:
गोळ्यांची पाकिटं, निरोध,
प्लॅस्टिकचं गर्भाशय, त्यात अडकवलेली तांबी,
आणि घडी पडून फाटलेला कागद,
निवड तुमची.

तेजल बिरंजे, वय तेवीस.
थोरली अडीच वर्षांची, धाकटा सहा महिन्यांचा.
सासू आतूनच म्हणाली,
"करून टाका तिचं एकदाचं.
दादाला वॉर्डातनं उभं राहायचंय,
तिसरं झालं तर अर्जच बाद."

दादा आटणीवर. मान वर न करता म्हणाला,
"माझं नको. नस कापली
की हाताचा नेम जातो."
मी चित्र दाखवलो. नस इथं, हात तिथं.
तो चित्राला लाजला
आणि मूस पुन्हा निखाऱ्यात सारली.

पाणी द्यायचं निमित्त करून
तेजल मला परड्यात घेऊन गेली.
"तीन महिन्यांचं इंजेक्शन असतंय म्हणं.
कुणाला दिसत न्हाई."
असतंय. तक्त्यावर असतंय.
उपकेंद्राच्या कपाटात जानेवारीपासनं नाही.
"मग तांबी?"
"दिवसभर हातात चांदी
आणि पोटात तांबं व्हय?" ती हसली.
"जाऊबाईची वर चढली म्हणत्यात."
चढत नाही, मी सांगितलो, चित्र पुन्हा काढलो.
पण तिचं हसू तोवर गेलं होतं.
"ऑपरेशन नको असं न्हाई, ताई.
पण ह्या दोघांतलं एखादं जर..."
पुढचं तिनं
फुंकणीसारखं ओठांवरनं काढून खाली ठेवलं.

माझं झालं तेव्हा मी बावीस वर्षांची.
शाळेच्या वर्गात कॅम्प,
सतरंजीवर ओळीनं चौदा बाया,
फळ्यावर अर्धवट गणित:
हातचा एक लिहिलेला, उत्तर पुसलेलं.
नंतर मिळालेल्या पैशातनं
सासऱ्यांनी पत्र्याची ट्रंक घेतली. अजून आहे.
मला कुणी विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर
कदाचित हेच म्हणालो असतो.
ते कदाचित तरी माझं झालं असतं.

आणि आता बघा,
तिचं नाव लिहिलं
की माझ्याही खात्यावर चार पैसे पडतात.
लेकीची क्लासची फी थकलीय.
हे मी तिला सांगितलो नाही.
तिला ठाऊक असावं,
माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती.

वहीत रकाने आहेत: शस्त्रक्रिया, तांबी, गोळ्या, निरोध.
"अजून ठरवतेय" ला रकाना नाही.
मी पेन्सिलीनं नुसतं टिंब ठेवलो.
निरोधची पाकिटं तिनं
डागाच्या डबीखाली सरकवली.
"सीपीआरला मिळंल इंजेक्शन," मी हळू म्हणालो.
"गुरुवारी बाळाला दाखवायचंय म्हणून सांग घरात.
मी येतो संगट."

दारात सासूनं गाठलंच.
"ठरलं काय?"
"ठरतंय," म्हणालो,
आणि चप्पल शोधू लागलो.
मार्च संपायला अकरा दिवस होते.